ब्रेकला बूट कोणी घातला?

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत मी एक उद्योग केला. आमच्याकडे एक जुनी, लहान मोटार आहे. तिच्या पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक आहेत आणि मागच्या चाकांना ड्रम ब्रेक. काही दिवसांपासून ब्रेक दाबला की मागच्या बाजूने लोखंडावर लोखंड घासल्यासारखा आवाज येत होता. मागचे लायनर संपले आहेत हे उघड होते. प्रयोगशाळेत वीस वर्षे स्क्रू फिरवण्यात घालवल्यावर चार लायनर घरी बदलता येऊ नयेत, हे मनाला पटेना. म्हणून नवे शू आणले आणि नववीत शिकणाऱ्या मुलाला मदतनीस म्हणून बरोबर घेतले.

पुढच्या चाकांना मागून-पुढून विटा लावल्या, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवली आणि हँडब्रेक सोडला. तो ओढलेला असेल तर शू ड्रमला धरून बसतात आणि ड्रम निघत नाही. जॅकने गाडी उचलून ती भक्कम स्टँडवर टेकवली, कारण नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून गाडीजवळ काम करणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. चाक काढले. ड्रम गंजाने घट्ट बसला होता. त्याच्या तोंडावर दोन आटे पाडलेली भोके असतात. त्यांत दोन बोल्ट थोडे थोडे, आळीपाळीने आवळत गेलो आणि ड्रम हळूहळू बाहेर आला. आत चंद्रकोरीसारखे दोन शू, त्यांना ओढून धरणाऱ्या स्प्रिंगा, वर एक छोटा सिलिंडर आणि या सगळ्यावर काळ्या-करड्या धुळीचा थर होता.

त्यानंतरच्या पाच मिनिटांत तीन गोष्टी घडल्या. मुलाने विचारले, "आई, याला शू का म्हणायचं? हा काय बूट आहे?" मग त्याने जुने दोन्ही शू शेजारी शेजारी धरले आणि म्हणाला, "एकाचं लायनर कागदाएवढं उरलंय आणि दुसऱ्याचं अजून चांगलं जाड आहे. असं का?" आणि तिसरी गोष्ट म्हणजे, धूळ उडवण्यासाठी त्याने गाल फुगवले. मी जवळजवळ ओरडलेच, "फुंकू नकोस!"

दोन प्रश्न आणि एक ओरडा. या तिन्हींची उत्तरे शोधायची तर सव्वाशे वर्षे मागे जावे लागते.

चांभाराचे लायनर

बैलगाडीच्या किंवा घोडागाडीच्या चाकाला लोखंडी धाव असते. उतारावर गाडी आवरायची तर त्या धावेवर लाकडाचा ठोकळा तरफेने दाबायचा, ही युक्ती फार जुनी आहे. युरोपात डोंगरउतारावर चाकाखाली लोखंडी चप्पलही सरकवीत. त्यामुळे चाक फिरायचे थांबे आणि ती चप्पल रस्त्यावर घासत जाई. इंग्रजीत तिला 'शू' म्हणत. तेव्हा ब्रेकच्या बुटाचे नाव मोटारीहून जुने आहे. मुलाच्या पहिल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथे मिळते. उरलेले अर्धे उत्तर मात्र खऱ्याखुऱ्या चांभाराकडे नेते.

१८८८ च्या ऑगस्टमध्ये कार्ल बेंझ यांची पत्नी बर्था आपल्या दोन किशोरवयीन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, त्याने बनवलेल्या तीन चाकी मोटारीतून माहेरी निघाली. जर्मनीतील मानहाइम ते फोर्झहाइम हे अंतर शंभर किलोमीटरहून थोडे जास्त. एवढ्या लांबचा मोटारप्रवास तोवर कोणी केला नव्हता. वाटेत टेकड्या लागल्या. उतारावर ब्रेकचे लाकडी ठोकळे भराभर झिजू लागले. तेव्हा बर्थाबाईंनी वाटेतल्या एका गावी चांभाराला गाठले आणि त्या ठोकळ्यांवर चामड्याचे तुकडे ठोकून घेतले. ब्रेक-लायनरची ही पहिली नोंदलेली घटना होय. ठोकळा भक्कम पण स्वस्त, आणि त्याच्यावर झिजणारे, बदलता येणारे अस्तर, ही कल्पना आजही तशीच आहे. मी बदलले तेही असे अस्तरच.

नऊ वर्षांनी, १८९७ मध्ये, इंग्लंडच्या डर्बीशर परगण्यात हर्बर्ट फ्रूड या माणसाने असेच काहीसे पाहिले. तिथल्या डोंगराळ रस्त्यांवर गाडीवान ब्रेकच्या ठोकळ्यावर जुने बूट बांधीत. लाकडापेक्षा बुटाचा तळवा चाकाला चांगला धरतो, हे त्यांना अनुभवाने कळले होते. फ्रूडने यामागची गोष्ट ओळखली. चाक थांबवण्यासाठी ठोकळा मजबूत असून भागत नाही, तर घासणारा पदार्थ निराळा हवा. पट्ट्याच्या विणलेल्या कापडात डांबरासारखे चिकट पदार्थ मुरवून त्याने घर्षणासाठी मुद्दाम बनवलेला पदार्थ तयार केला आणि चॅपल-एन-ल-फ्रिथ या गावाजवळ त्याचा उद्योग सुरू केला. आपल्या आडनावाची अक्षरे उलटसुलट करून आणि त्यात पत्नी एलिझाबेथच्या नावाचे आद्याक्षर घालून त्याने 'फेरोडो' हे नाव बनवले, असे सांगतात. हे नाव आजही ब्रेकच्या सुट्या भागांवर दिसते.

टायरने केलेली अडचण

चाकाच्या धावेवर ठोकळा दाबण्याची पद्धत रबरी टायर आल्यावर चालेना. १८८८ मध्येच जॉन बॉइड डनलॉप यांनी हवेच्या टायरचे पेटंट घेतले होते. हवेच्या टायरवर ठोकळा घासला तर टायरचाच निकाल लागतो. म्हणून घासण्यासाठी चाकाला जोडलेला वेगळा लोखंडी डबा, म्हणजे ड्रम, आला.

सुरुवातीला या ड्रमच्या बाहेरून पट्टा गुंडाळीत आणि तो ओढून आवळीत. यामागचे शास्त्र फार सुंदर आहे आणि वर्गात पाच मिनिटांत दाखवता येते. एका गुळगुळीत दांड्यावर दोरी टाकून एका टोकाला वजन बांधा आणि दुसऱ्या टोकाला किती कमी बलाने ते वजन धरता येते ते पाहा. दोरीला एक वेढा वाढवा, मग आणखी एक. प्रत्येक वेढ्यागणिक बल ठरावीक पटीने कमी होते. घर्षणांक ०.३ असेल तर एका पूर्ण वेढ्याला सुमारे साडेसहा पट, दोन वेढ्यांना सुमारे ४३ पट आणि तीन वेढ्यांना सुमारे २८६ पट फरक पडतो. नावाडी भरलेली नाव काठावरच्या खुंटाला दोन वेढे देऊन एका हाताने कसा धरतो, त्याचे कारण हेच. या घातांकी नियमाचे गणित अठराव्या शतकात लेओनार्ड ऑयलर यांनी मांडले.

पण याच शास्त्रात पट्ट्याच्या ब्रेकचा दोष दडलेला आहे. ड्रम ज्या दिशेने फिरताना पट्टा आवळला जातो, त्याच्या उलट दिशेने फिरताना तो सैल पडतो. म्हणजे चढावर गाडी थांबवली आणि ती मागे घसरू लागली की नेमक्या त्या वेळी ब्रेक कुचकामी ठरणार! शिवाय पट्टा बाहेरून असल्याने त्यावर चिखल, पाणी, वाळू सगळे बसे.

१९०२ मध्ये फ्रान्सच्या लुई रेनो यांनी ही रचना आतून-बाहेर उलटी केली. ड्रमच्या आत दोन कमानदार शू ठेवायचे आणि ते फाकवून ड्रमच्या आतल्या भिंतीवर दाबायचे. ड्रम हाच झाकण झाला, म्हणून धूळ-पाणी बाहेर राहिले. दोन शू असल्याने गाडी पुढे जावो की मागे, एकाची तरी पकड चांगलीच बसणार. आमच्या गाडीचे चाक उघडल्यावर जे दिसले ते मूळ कल्पनेत या १९०२ च्या रचनेहून फारसे वेगळे नव्हते.

एकच शू जास्त का झिजतो?

आता दुसरा प्रश्न. त्याचे उत्तर फळ्यावरच मिळते. खडू तिरपा धरून, त्याचे टोक हाताच्या पुढे ठेवून, फळ्यावर पुढे ढकलत न्या. खडू कुरकुरतो, अडखळतो, उड्या मारतो आणि तुटक रेघ उमटते. आता तोच खडू हाताच्या मागे ठेवून ओढत न्या. रेघ सरळ, मुकाट्याने येते. ढकलताना घर्षणाचे बल खडूच्या टोकाला फळ्यात आणखी रुतवते, तर ओढताना ते टोकाला फळ्यापासून दूर लोटते. बऱ्याच शिक्षकांनी तुटक रेषा काढण्यासाठी ही युक्ती वापरली असेल. तेव्हा आपण ब्रेकचे शास्त्र वापरतो आहोत, हे कदाचित लक्षात आले नसेल.

ड्रमच्या आतले दोन शू अगदी असेच वागतात. दोन्ही शू खालच्या टोकाला टेकलेले असतात आणि वरच्या टोकाला सिलिंडर त्यांना बाहेर ढकलतो. ड्रम फिरताना एका शूच्या बाबतीत घर्षण त्याला ड्रमवर आणखी दाबते. याला पुढचा शू म्हणू. दुसऱ्याला ते ड्रमपासून सोडवू पाहते. तो मागचा शू.

थोडे आकडे घेऊन हे करून पाहू. खरा शू कमानदार असतो आणि दाब त्याच्या सबंध लांबीवर पसरलेला असतो. पण समजण्यापुरता आपण तो एका ठिकाणी आहे असे मानू. सिलिंडरचे बल १०० न्यूटन, ते टेकूपासून २० सेंटिमीटरवर लागते. ड्रमचे लंब बल टेकूपासून १० सेंटिमीटरवर आणि घर्षण बल ८ सेंटिमीटरच्या भुजेवर. घर्षणांक ०.४. लंब बलाला 'ल' म्हणू. पुढच्या शूसाठी आघूर्णांचे समीकरण असे:

१० × ल = १०० × २० + ८ × ०.४ × ल

म्हणून ल = २००० ÷ ६.८ = २९४ न्यूटन आणि घर्षण त्याच्या ०.४ पट, म्हणजे ११८ न्यूटन. मागच्या शूसाठी घर्षणाचे पद विरुद्ध बाजूला जाते. ल = २००० ÷ १३.२ = १५२ न्यूटन आणि घर्षण ६१ न्यूटन. घर्षणाने मदतही केली नसती आणि विरोधही केला नसता, तर प्रत्येक शूला ८० न्यूटन मिळाले असते.

पायाचा जोर दोघांनाही सारखाच, पण पुढचा शू जवळजवळ दुप्पट काम करतो. साहजिकच तो जवळजवळ दुपटीने झिजतो. मुलाच्या हातातल्या त्या दोन जुन्या शूंवर हेच लिहिलेले होते.

या फुकटच्या मदतीमुळेच ड्रम ब्रेक लोकांना आवडला. गाडी जड असली तरी पायाला फार जोर लावावा लागत नसे. पण समीकरणाकडे पुन्हा पाहा. घर्षणांक वाढत जाऊन १.२५ झाला तर ८ × १.२५ बरोबर १० होतात, भागाकाराचा छेद शून्य होतो आणि शू जागच्या जागी रुतून चाक जाम होते. आणि घर्षणांक कमी झाला तर? लायनर फार तापून किंवा भिजून तो ०.४ चा ०.२ झाला असे धरा. पुढच्या शूचे घर्षण ११८ वरून ४८ वर येते, मागच्याचे ६१ वरून ३४ वर. एकूण १७९ चे ८२ होतात. घर्षणांक निम्मा झाला, पण ब्रेक निम्म्याहूनही खाली आला. जो शू जास्त मदत घेत होता, त्याचीच ताकद सर्वांत जास्त घटली.

पायापासून चाकापर्यंत

पायाचा जोर चाकापर्यंत पोचवणे हेही सोपे नव्हते. आरंभी त्यासाठी दांडे आणि तारा होत्या. चारही चाकांना ब्रेक लावायचे तर चारही तारांचा ताण सारखा हवा, आणि तो कधीच सारखा राहत नसे. डावीकडची तार आवळली की ब्रेक दाबताच गाडी डावीकडे ओढली जाई.

याचे उत्तर पास्कल यांनी सतराव्या शतकातच देऊन ठेवले होते. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोचतो. अमेरिकेतील माल्कम लॉकहीड यांनी हा नियम ब्रेकला लावला आणि १९१७ मध्ये त्याचे पेटंट मिळवले. विमानांसाठी पुढे प्रसिद्ध झालेले लॉकहीड हे नाव त्यांच्या भावाचे. १९२१ मध्ये ड्यूसेनबर्ग या महागड्या गाडीत आणि १९२४ मध्ये क्रायस्लरच्या तुलनेने सामान्य माणसाच्या आवाक्यातल्या गाडीत चारही चाकांना द्रवचालित ब्रेक आले. फोर्डने मात्र १९३९ च्या मॉडेलपर्यंत दांडे आणि तारा सोडल्या नाहीत. प्रयोगशाळेतला नियम आणि रस्त्यावरचे यंत्र यांत पावणेतीनशे वर्षांचे अंतर पडले. मधल्या काळात गळणार नाहीत अशा रबरी वाट्या आणि रबराला न खाणारे तेल बनायचे होते. नियम समजणे आणि तो वापरता येणे यांत पदार्थविज्ञानाची एवढी मोठी दरी असते.

घाटातला हिशेब

ब्रेक गाडीची ऊर्जा नाहीशी करत नाही, तिची उष्णता करतो. माणसांसह १००० किलो वजनाची गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने जात असेल तर तिची गतिज ऊर्जा सुमारे १३९ किलोज्यूल होते. अर्धा लिटर पाणी चहाला आधण येईल इतपत तापवायला साधारण तेवढीच ऊर्जा लागते. एकदा ब्रेक दाबण्याने फारसे बिघडत नाही.

पण बोरघाट घ्या. खंडाळ्याहून खाली खोपोलीपर्यंत सुमारे ५०० मीटर उतरायचे आहे. तेवढ्या उंचीची स्थितिज ऊर्जा सुमारे ४९०० किलोज्यूल होते, म्हणजे वरच्या हिशेबाच्या ३५ पट. चारही ब्रेकमध्ये मिळून २० किलो लोखंड आहे असे धरू. सगळी उष्णता त्यातच राहिली तर तापमान ५०० अंशांहून जास्त वाढेल. प्रत्यक्षात हवा बरीच उष्णता नेते, पण ड्रममधून ती चटकन जात नाही, कारण धूळ बाहेर ठेवणारे झाकण उष्णताही आतच ठेवते. शिवाय ड्रम तापला की फुगतो. १८० मिलिमीटर व्यासाचा ड्रम २०० अंशांनी तापला तर व्यास सुमारे ०.४ मिलिमीटरने वाढतो आणि शूपासून दूर जातो. लायनरचा घर्षणांक उतरतो तो वेगळाच. घाटात 'ब्रेक लागेनात' अशी तक्रार होते तिचे मूळ इथे आहे. म्हणूनच जाणते ड्रायव्हर उतारावर खालचा गिअर टाकतात आणि ऊर्जेचा मोठा वाटा इंजिनाकडे सोपवतात.

यावरचा दुसरा उपाय, म्हणजे उघड्या चकतीला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारा डिस्क ब्रेक, त्याचेही पेटंट १९०२ चेच आहे. ते इंग्लंडच्या फ्रेडरिक लँचेस्टर यांचे. त्यांनी तांब्याचे अस्तर वापरले होते. ते किंचाळत असे आणि लवकर झिजत असे. योग्य पदार्थ आणि द्रवाचा दाब मिळेपर्यंत ही कल्पना पन्नास वर्षे पडून राहिली. १९५३ च्या ल मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत चारही चाकांना डिस्क ब्रेक असलेली जॅग्वार पहिली आली आणि चक्र फिरले.

मग मागे ड्रम का उरले? ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढे झुकतो. ८०० किलोच्या लहान गाडीत थांबलेली असताना पुढच्या चाकांवर ४८० आणि मागच्यांवर ३२० किलो भार असेल, तर जोराच्या ब्रेकने तो सुमारे ६१० आणि १९० असा होतो. मागच्या चाकांकडे काम थोडेच राहते. जास्त दाबले तर ती जाम होऊन गाडी गरकन फिरते. तेवढ्या कामाला स्वस्त ड्रम पुरतो आणि हँडब्रेकही त्यात सहज बसतो.

फुंकर

आता तो ओरडा.

फ्रूडच्या डांबरी कापडाला एक मर्यादा होती. ते जास्त तापले की जळे. न जळणारा धागा हवा होता आणि तो निसर्गात तयार होता. १९०८ च्या सुमारास ब्रेकच्या अस्तरात अ‍ॅस्बेस्टॉस आले. हे खनिज धाग्यांसारखे विणता येते, जळत नाही, मजबूत आहे आणि स्वस्तही. पुढली सत्तर-ऐंशी वर्षे जगातल्या बहुतेक गाड्या अ‍ॅस्बेस्टॉसवर थांबत होत्या.

१९२४ मध्ये इंग्लंडमधल्या रॉचडेल या गावी नेली केरशॉ नावाची ३३ वर्षांची कामगार स्त्री वारली. लहानपणापासून ती अ‍ॅस्बेस्टॉसचे सूत कातण्याच्या कामावर होती. विल्यम कुक या डॉक्टरांनी तिची फुप्फुसे सूक्ष्मदर्शकाखाली तपासली. त्यांत खनिजाचे कण आणि व्रणांचे जाळे दिसले. याविषयी त्यांनी त्याच वर्षी वैद्यकीय नियतकालिकात लिहिले. १९३० मध्ये मेरिवेदर आणि प्राइस यांनी ब्रिटिश सरकारला अहवाल दिला. तपासलेल्या ३६३ कामगारांपैकी चौथ्या हिश्शाहून अधिक जणांना फुप्फुसाचा हा विकार होता. १९३१ मध्ये कारखान्यांतल्या धुळीवर नियम आले. १९६० मध्ये दक्षिण आफ्रिकेत वॅग्नर आणि सहकाऱ्यांनी फुप्फुसाच्या आवरणाच्या एका दुर्मीळ कर्करोगाचे ३३ रुग्ण नोंदवले. जवळजवळ सगळ्यांचा अ‍ॅस्बेस्टॉसच्या खाणींशी संबंध आला होता. काही जण तर खाणीत काम करणारेही नव्हते, नुसते जवळपास राहत होते. हा रोग धूळ श्वासात गेल्यावर बहुधा २० ते ४० वर्षांनी डोके वर काढतो. म्हणजे ज्याने धूळ खाल्ली त्याला ती कधी खाल्ली हे आठवतही नसते.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. ब्रेकच्या धुळीतले सगळेच अ‍ॅस्बेस्टॉस धाग्याच्या रूपात नसते. घासताना निर्माण होणाऱ्या तीव्र उष्णतेने त्याच्या स्फटिकातले पाणी निघून जाते आणि बराच भाग तंतू नसलेल्या दुसऱ्या खनिजात बदलतो. त्यामुळे गॅरेजमधल्या कामगारांना नेमका किती धोका होता, यावर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. सर्वांत मोठी किंमत मोजली ती खाणीतल्या आणि कारखान्यातल्या माणसांनी. पण काही तंतू उरतातच, आणि नवे लायनर बसते करण्यासाठी कानशीने घासले तर ते न तापलेलेच हवेत उडतात. निश्चित आकडा माहीत नसताना फुंकर मारणे हा शहाणपणा नव्हे.

मी लहान असताना बाबांबरोबर एका गॅरेजमध्ये जात असे. तिथे माझ्याच वयाचा एक मुलगा कामाला होता. ड्रम उतरवला की तो त्यात तोंड घालून जोराने फुंकर मारी, मग ड्रम फरशीवर आपटी आणि पांढुरकी धूळ त्याच्या केसांवर बसे. आम्ही दोघे त्यावर हसत असू. ती धूळ कशाची होती हे त्याला कोणी सांगितले नव्हते. मलाही नव्हते. नेली केरशॉच्या मृत्यूला तेव्हा साठ वर्षे उलटून गेली होती. ज्ञान होते, छापलेले होते, फक्त त्या मुलापर्यंत पोचले नव्हते. तो आज माझ्याइतकाच, चाळिशीत असेल.

ब्रिटनने १९९९ मध्ये आणि युरोपीय संघाने २००५ पासून अ‍ॅस्बेस्टॉसच्या वापरावर बंदी घातली. अमेरिकेने उरलेल्या क्रायसोटाइल अ‍ॅस्बेस्टॉसवर बंदीचा नियम २०२४ मध्ये केला. आपल्याकडे १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅस्बेस्टॉस उद्योगातल्या कामगारांच्या आरोग्याचा हक्क मान्य करून त्यांच्या तपासणीच्या नोंदी किमान ४० वर्षे जपण्याचा आदेश दिला. ४० हा आकडा कुठून आला हे आता वाचकांच्या लक्षात येईल. भारतात क्रायसोटाइलच्या आयातीवर आणि वापरावर मात्र सरसकट बंदी आलेली नाही. चांगल्या लायनरमध्ये आता अ‍ॅरामिड, काच, पोलाद यांचे तंतू असतात. अ‍ॅरामिडचा केव्हलार हा प्रसिद्ध प्रकार स्टेफनी क्वोलेक या संशोधिकेच्या १९६५ मधल्या कामातून आला. पण जुन्या गाडीवर कोणी, केव्हा, कसले लायनर बसवले होते, हे धुळीकडे पाहून कळत नाही.

म्हणून आम्ही काय केले? ड्रमवर आणि शूवर साबणाच्या पाण्याचा फवारा मारून धूळ पूर्ण भिजवली, ओल्या फडक्याने पुसली आणि ते फडके पिशवीत बांधून टाकले. तोंडाला साधा रुमाल नव्हे, तर बारीक कण अडवणारा मास्क लावला. झाडू नाही, हवेचा पाइप नाही, फुंकर तर नाहीच.

गोल फिरून पुन्हा ड्रमकडे

या कथेला अलीकडे एक वळण मिळाले आहे. विजेवर चालणारी गाडी बहुतेक वेळा मोटर उलटी चालवून, म्हणजे जनित्र म्हणून वापरून, वेग कमी करते आणि ऊर्जा बॅटरीत परत घेते. घासणारे ब्रेक क्वचितच लागतात. न वापरलेल्या उघड्या डिस्कवर गंज चढतो, झाकलेला ड्रम मात्र त्यापासून पुष्कळ जपला जातो. त्यामुळे काही आधुनिक विद्युत गाड्यांच्या मागच्या चाकांना, फोक्सवॅगनची २०२० मधली आयडी.३ ही त्यांपैकी एक, पुन्हा ड्रम आले आहेत. युरोपने २०२४ मध्ये मंजूर केलेल्या 'युरो ७' नियमांत इंजिनाच्या धुराबरोबर प्रथमच ब्रेकच्या धुळीवरही मर्यादा घातली आहे. इथेही धूळ आत धरून ठेवणाऱ्या ड्रमचा फायदा आहे. मात्र आत साठलेली धूळ कोणीतरी, केव्हातरी उघडणारच. तेव्हा ती कशी काढायची हे त्या माणसाला माहीत असले पाहिजे.

आमचे काम संध्याकाळपर्यंत चालले. एका बाजूचे शू काढले तेव्हा दुसरी बाजू मुद्दाम न उघडता ठेवली होती, कोणती स्प्रिंग कुठे हे विसरल्यावर पाहण्यासाठी. तरी एक स्प्रिंग उडून तुळशीच्या कुंडीत गेलीच. शेवटी पेडल अनेकदा दाबून शू जागेवर आणले, चाके हाताने फिरवून पाहिली, हँडब्रेक ओढून पाहिला. ओळखीच्या मिस्त्रींना बोलावून सगळे एकदा तपासून घेतले, कारण ब्रेकच्या बाबतीत आत्मविश्वास हा पुरावा होत नाही. मग रिकाम्या मैदानात अगदी हळू गाडी चालवून पाहिली. ती निमूट थांबली.

मिस्त्री निघताना मुलाने त्यांना विचारले, "काका, तुमच्याकडे ड्रम साफ करताना पाणी मारतात का?" ते थोडे थांबले. "हवा मारतो," म्हणाले. मग त्याने खडूचे सोडून बाकी सगळे त्यांना सांगितले. पुढच्या आठवड्यात त्यांच्या गॅरेजवरून जाताना मी मुद्दाम डोकावले. ड्रमशेजारी साबणाच्या पाण्याची एक बाटली ठेवलेली होती.